मदत हवी आहे : प्रावरण घन असूनही वाहते कसे? (विज्ञानाची उजळणी, इयत्ता सहावी ते आठवी)

नमस्कार,

भौतिकशास्त्र आणि भूविज्ञान यांच्या मूलभूत संकल्पनांची मी भाच्यासोबत उजळणी करत आहे. व्याख्या त्याला पाठ आहेत, पण एका प्रकरणात शिकलेले दुसऱ्या प्रकरणात वापरायची वेळ आली की तो अडतो.

वस्तुमान आणि वजन यांतला फरक त्याला नीट समजला आहे. ऋतूंचे कोडेही सुटले : पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि तेव्हाच उत्तर गोलार्धात हिवाळा असतो, हे कळल्यावर अंतराचा मुद्दा बाजूला पडला आणि आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलाकडे त्याचे लक्ष गेले.

खरी अडचण पृथ्वीच्या अंतरंगाची आहे. प्रावरणात, म्हणजे पृथ्वीचे कवच आणि गाभा यांच्यामधल्या जाड थरात, अभिसरण प्रवाह (तापलेला पदार्थ वर येणे आणि थंड झालेला खाली जाणे) असतात आणि भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराच्या मोठ्या तुकड्यांच्या, हालचालींशी त्यांचा संबंध असतो, असे तो शिकला. आकृत्यांत प्रावरण लालभडक दाखवलेले असते, त्यामुळे तिथे शिलारस खदखदत असणार असे त्याने गृहीत धरले. पण भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत आणि प्रावरणातून मात्र जातात, हेही त्याने वाचले आहे. मग प्रावरण घन म्हणायचे, तर त्यात प्रवाह कसे? त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला पटेल असे उत्तर मला देता आलेले नाही.

दुसरी शंका लहान आहे. बर्फ वितळत असताना उष्णता देत राहिले तरी तापमान शून्य अंशावरच थांबते. मग ती उष्णता जाते कुठे?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपल्या भाच्याने दोन प्रकरणांतली विसंगती स्वतः हेरली, हे मला फार मोलाचे वाटते. प्रावरण जवळजवळ सगळेच घन आहे. तिथले तापमान हजार अंशांच्या बरेच वर असते, पण वरच्या खडकांच्या प्रचंड दाबामुळे वितळणबिंदूही वाढतो, म्हणून खडक वितळत नाही. मात्र इतका तापलेला खडक सततच्या ताणाखाली अतिशय सावकाश आकार बदलतो. हिमनदी घन बर्फाचीच असते आणि तरीही उतारावरून सरकत राहते, हे उदाहरण त्याला द्यावे. भूपट्टांचा वेग वर्षाला काही सेंटिमीटर एवढाच असतो. भूकंपाची लहर काही मिनिटांत निघून जाते, त्यामुळे तिच्या दृष्टीने हा खडक कठीणच असतो. लाखो वर्षांच्या हिशेबात तोच वाहतो. खरा द्रव थर म्हणजे बाह्य गाभा. तो सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर सुरू होतो आणि दुय्यम लहरी तिथेच थांबतात. शिलारस तयार होतो तो ठरावीक ठिकाणी : वर येणाऱ्या खडकावरचा दाब घटतो तिथे, किंवा खाली जाणाऱ्या भूपट्टातील पाण्यामुळे वितळणबिंदू उतरतो तिथे.

आता बर्फाबद्दल. ती उष्णता रेणूंमधले बंध सैल करण्यात खर्च होते. रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा वाढत नाही, म्हणून तापमापीचा पारा हलत नाही. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ३३४ ज्यूल लागतात आणि तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून जवळपास ८० अंशांपर्यंत तापते. बर्फाचा चुरा ढवळत दर मिनिटाला तापमानाची नोंद करून आलेख काढायला लावा. आडवी रेषा त्याने स्वतः काढली की वेगळे समजवावे लागणार नाही.

उजळणीचा क्रम विचाराल, तर घनता सर्वांत आधी घ्यावी. तापलेला पदार्थ प्रसरण पावतो, त्याची घनता घटते आणि तो वर येतो, एवढे पक्के झाले की वारे, सागरी प्रवाह आणि प्रावरण ही प्रकरणे सलग घेता येतील. पाण्याची घनता ४ अंशांवर सर्वाधिक असते, हा अपवाद मात्र त्यानंतरच सांगावा.