लांक्रेची कामार्गो: व्यक्तिचित्र की देखावा?

धागालेखक: फ्रेंच चित्रकार निकोला लांक्रे याने १७३० च्या सुमारास रंगवलेल्या 'नृत्य करणारी कामार्गो' या चित्राला (एक आवृत्ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, दुसरी लंडनच्या वॉलेस संग्रहात) सर्रास नर्तकीचे व्यक्तिचित्र म्हटले जाते, ते मला पटत नाही. हिरव्या झाडीतली मोकळी जागा, आडोशाला वादक, भोवती रेशमी पोशाखातली मंडळी आणि मधोमध ही चिमुकली आकृती. तिचा गोड, गोल चेहरा लांक्रेच्या इतर कोणत्याही स्त्रीला सहज शोभला असता. शिवाय मारी कामार्गो पॅरिसच्या ऑपेरात, म्हणजे पाले-रोयालच्या नाट्यगृहात मेणबत्त्यांच्या उजेडात नाचत असे, बागेत नव्हे. चित्रकार वातोने रूढ केलेल्या उद्यानविहाराच्या चित्रप्रकारात चित्रकाराने एक प्रसिद्ध नाव बसवले, इतकेच.

प्रतिसाद १: चेहऱ्यावरून नर्तकी ओळखायची, हा आग्रहच मुळात चुकीचा आहे. १७२६ मध्ये पदार्पण केलेल्या कामार्गोची ख्याती पायांची होती. उडी घेऊन हवेतच पाय एकमेकांवरून झपाट्याने फिरवण्याच्या, तोवर पुरुषांची मानल्या गेलेल्या करामतीसाठी ती गाजली आणि पदन्यास दिसावा म्हणून तिने झगा आखूड केला. आता चित्रातली झग्याची कड पाहा: फुलांनी सजवलेला तो घेर घोट्यांच्या वर थांबतो आणि लांक्रे आपली नजर नेमकी तिथेच नेतो. लोरां कार्सने १७३१ मध्ये या चित्रावरून मुद्राचित्र (कोरलेल्या पत्र्यावरून छापलेले चित्र) केले तेही तिच्याच नावाने, म्हणजे ही कोण हे तेव्हाच्या पॅरिसकरांना सांगावे लागत नव्हते.

प्रतिसाद २: त्याच लांक्रेने तिची प्रतिस्पर्धी मारी साले हिलाही रंगवले आहे, रोमन देवी डायनाच्या मंदिरासमोर. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर चेहरे नव्हे, नृत्याची ढब वेगळी दिसते. सालेची भावाभिनयाची, कामार्गोची चपळाईची.

धागालेखक: सालेचा दाखला बिनतोड आहे. पण मग त्याला नृत्यशैलीचे चित्र म्हणावे. माणसाचे चित्र पाहायचे असेल तर मी चित्रकार मोरिस काँतँ द ला तूरने पेस्टलमध्ये काढलेल्या कामार्गोकडे जाईन. तिथे पाय दिसतच नाहीत.

प्रतिसाद १: आणि म्हणूनच ती नर्तकी आहे हे तिथे नावाची पाटी वाचून कळते!