मदत हवी आहे: गुडघ्याखालचे स्नायू लक्षात कसे ठेवायचे?

नमस्कार मंडळी, फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. गुडघ्याखालच्या स्नायूंपाशी गाडी अडली आहे.

पोटरीचं बऱ्यापैकी समजलंय. गॅस्ट्रोक्नेमियस (पोटरीचा वरचा, फुगीर स्नायू) मांडीच्या हाडापासून निघतो, म्हणून गुडघा आणि घोटा दोन्हींवर काम करतो. सोलियस (त्याच्या आतल्या थरातला स्नायू) गुडघा ओलांडतच नाही. त्यामुळे गुडघा वाकवून टाच उचलली की गॅस्ट्रोक्नेमियस सैल पडतो आणि जास्त भार सोलियसवर येतो. हे स्वतःच्या पोटरीवर हात ठेवून पाहिलं, फार आनंद झाला!

घोळ पुढे आहे. टिबिआलिस अँटिरिअर (नडगीच्या पुढचा स्नायू) पाऊल वर उचलतो, टिबिआलिस पोस्टिरिअर (नडगीच्या मागचा) खाली दाबतो, तरी तळवा आत वळवताना दोघं एकत्र कसे? पेरोनियस लाँगस (नडगीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू) तर बाहेरून येऊन तळव्याखालून आडवा जातो आणि टिबिआलिस अँटिरिअर जिथे चिकटतो त्याच दोन हाडांना चिकटतो. मग तो तळवा बाहेर कसा वळवतो? टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) सांध्याच्या अक्षाच्या कोणत्या बाजूने जातो यावर हे ठरतं, असं मला वाटतं. बरोबर आहे का?

कुणी साधी आकृती काढून समजावेल का? नुसतं पाठ करायचं नाहीये.