मदत हवी आहे : असेंब्लीत फ्लोट (दशांश संख्या) बघायचा कसा?

राम राम मंडळी. काटोलकडचा आहे, संत्र्याच्या बागेसाठी ओलावा मोजायचं यंत्र बनवतोय. एटीमेगा ३२८पी ही छोटी कंट्रोलर चिप, सगळं असेंब्लीत, म्हणजे चिपच्या थेट सूचनांच्या भाषेत. चिपमध्ये फ्लोटचं हार्डवेअर नाही, म्हणून बेरीज-भागाकार एव्हीआर-जीसीसी या कंपायलरच्या लायब्ररीकडून करून घेतो. उत्तर आर२२ ते आर२५ या चार रजिस्टरांत (चिपमधल्या एकेका बाइटच्या जागांत) येतं. १२.५ असेल तर हेक्समध्ये (सोळाच्या पायात) ००, ००, ४८, ४१ दिसतं. ते उलटं वाचायचं, घातांकातून १२७ वजा करायचे, वहीवर मांडायचं. काल मधेच ००, ००, सी०, ७एफ आलं, म्हणजे नॅन, ‘ही संख्याच नाही’ असं उत्तर! कोणत्या पायरीवर बिघडलं तेच सापडत नाही, तीन रात्री गेल्या. जीडीबीत (प्रोग्रॅममधली चूक शोधायच्या डीबगरमध्ये) हे चार रजिस्टर जोडून थेट दशांशात दिसतील का? नॅन येताच थांबवता येईल का? कोणाजवळ स्क्रिप्ट असेल तर द्या राजेहो, आंबिया बहाराचा ताण तोडायच्या (बागेचं बंद ठेवलेलं पाणी परत सुरू करायच्या) आत यंत्र वावरात लावायचं आहे.