फायर एम्ब्लेममध्ये गेलेला गडी परत येत नाही, हेच बरोबर आहे

देवगिरीकर:
परभणीच्या मित्राचं म्हणणं असं की, फायर एम्ब्लेम या लढाईच्या व्हिडिओगेम मालिकेत पात्र मेलं की कायमचं जाणं हा जुनाट छळ आहे. नव्या भागांत तो बंद करायची सोय आहे, तीच वापरावी. मला हे अजिबात पटत नाही.

मी बोलतोय गेमबॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या गेमयंत्रावरच्या २००३ च्या भागाबद्दल. मालिका जपानात १९९० पासून आहे, पण जपानबाहेर पोचलेला हा पहिला भाग. चौकटींचा नकाशा, आधी आपली पाळी, मग शत्रूची. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. हत्यार वापरून वापरून मोडतं, म्हणून चांगलं हत्यार कधी काढायचं हाही प्रश्नच.

आता ही फ्लोरिना बघा. उडत्या घोड्यावरून नदी, डोंगर सहज ओलांडते. पलीकडच्या गावावर लुटारू चाललेत. ते आधी पोचले तर गावही गेलं आणि तिथली वस्तूही. पण वाटेत झाडीत तिरंदाज बसलाय, आणि उडत्या घोड्याला बाण फार लागतो. त्याचा टप्पा मोजून एक घर (चौकट) अलीकडे थांबायचं, की गावासाठी तिला धोक्यात घालायचं? ती पुढच्या लढाईत परत येणारच असेल तर यात विचार करण्यासारखं राहतं काय?

गोदाकाठ (नांदेड):
दादा, खरं सांगा, फ्लोरिना पडल्यावर तसंच पुढं खेळणारे किती? बहुतेक जण धडा, म्हंजे ती लढाई, पहिल्यापासून सुरू करायलेत. मग मरण कायमचं राहिलं कुठं? निस्ता वेळ जातो. माझी नोकरी फिरतीची, लातूर-नांदेड एसटीत जेवढा वेळ मिळंल तेवढाच माझा.

आन् ज्या सोयीला तुमी नावं ठेवायलात, ती होती म्हणून अवेकनिंग हा नंतरचा भाग एवढ्या नव्या लोकांनी घेतला. विक्री लै घसरली होती. अडीच लाख प्रतींच्या खाली गेला तर मालिका बंद, असं वरून सांगितलं होतं, हे निर्मात्यानंच मुलाखतीत सांगितलंय. २०१२ ला तो भाग चालला नसता तर आज आपण भांडलो तरी असतो का?

देवगिरीकर:
मालिका वाचली याचा आनंद मलाही आहे. पण अवेकनिंगमध्ये दोन्ही पर्याय होते. मी कोणता खेळावा ते सांगतोय. त्या सोप्या पर्यायात मीच बघितलंय, लोक गडी ढालीसारखा पुढं ढकलतात, पडला तर पडला.

एसटीचं म्हणाल तर हा गेम त्यासाठीच बरा. मध्येच बंद करा, जिथं सोडला तिथूनच सुरू होतो. आणि चाल चुकली म्हणून बंद करून चालू केला, तरी ती चाल परत मिळत नाही. धडा पहिल्यापासून खेळायचा म्हटलं तरी किंमत मोजावीच लागते.

बालाघाटची लेक:
दोघंही नशिबाबद्दल बोलतच नाही आहात. या २००३ च्या भागात नेम लागतो की नाही हे दोन रँडम संख्यांच्या सरासरीवर ठरतं, म्हणून पडद्यावर ९० टक्के दिसले तर प्रत्यक्षात ९८ च्या वर असतात. इथवर गेम खेळणाऱ्याच्या बाजूचा. पण क्रिटिकलला, म्हणजे अधूनमधून बसणाऱ्या जबर फटक्याला, ही सवलत नाही, तिथं एकच संख्या, आणि मार तिप्पट. तीन टक्क्यांच्या क्रिटिकलनं गडी गेला तर देवगिरीकर दादा, त्यात माझी कोणती चाल चुकली? आपण हल्ला करताना आकडे समोर दिसतात, शत्रूच्या पाळीत ते आधी कोण दाखवतं?

देवगिरीकर:
ताई, मुद्दा वजनदार आहे. पण शत्रूच्या हातातलं हत्यार आधी बघता येतं. किलिंग एज दिसली की ओळखायचं, ती क्रिटिकलच्या आकड्यात ३० ची भर घालते. ती तलवार आहे, म्हणून जाड चिलखतातला आपला भालेवाला ओसविन समोर ठेवायचा. तिप्पट होते ती चिलखतातून आत पोचलेल्या माराची. काही पोचलंच नाही तर तिप्पट कशाची होणार?

गोदाकाठ (नांदेड):
धुक्याच्या नकाशात काय करायचं? तिथं शत्रूच दिसत नाही, हत्यार कुठलं बघायलात?

देवगिरीकर:
धुक्यात चोराला इतरांपेक्षा दूरचं दिसतं. मॅथ्यूला एखाद घर पुढं न्या, काय उजळतं ते बघा, मग बाकीचे हलवा. आणि मॅथ्यू अंगानं नाजूक आहे, त्याच्या शेजारी कुणाला उभं करायचं ते आधी ठरवा.