कोंबडा लंगडतोय, तळव्यात काळी खपली आहे, मदत हवी

मंडळी, घाईत लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आमचा कोंबडा तीन दिवस झाले उजव्या पायाने लंगडतोय. वय दीड वर्ष, अंगाने भारी, सोबत पाच कोंबड्या. आधी वाटलं कुठे ठेच लागली असेल, होईल बरा, पण काल संध्याकाळी दांड्यावर चढलाच नाही, कोपऱ्यात एक पाय पोटाशी घेऊन बसून राहिला आणि आज पहाटे आरवलाही नाही, तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

अंधार पडल्यावर टॉवेलात गुंडाळून उचलला, बायकोने टॉर्च धरला. मांडीपासून खाली हात फिरवला, हाड कुठे मोडल्यासारखं लागलं नाही, सांधे सुजलेले नाहीत, पायावरचे खवलेही उचललेले नाहीत. पण तळव्याच्या मधोमध शर्टाच्या बटणाएवढी काळी कडक खपली आहे, भोवती सूज, आणि दुसऱ्या पंजापेक्षा हा गरम लागतो. जरा दाबलं की पाय ओढून घेतो.

मान वाकडी नाही, तुरा लाल आहे, शिट नेहमीसारखी. एक पाय पुढे एक मागे असा पसरूनही बसत नाही, म्हणून मॅरेक्स (विषाणूमुळे पाय लुळे पडतात तो कोंबड्यांचा आजार) नसावा असं धरून चाललोय. त्याची सवय अशी की काही सापडलं की टुकटुक करून आधी कोंबड्यांना बोलवायचं, त्यांचं झालं की मग स्वतः खायचं. आज उठता येत नव्हतं तरी बसल्या जागेवरून त्यांना बोलवत होता. बघवत नाही हो.

हे बंबलफूट, म्हणजे तळव्यात जंतू जाऊन येणारी सूज, आहे का? व्हिडिओत लोक ब्लेडने कापून गाठ काढतात, तसं करू का? घरात माणसांची अँटिबायोटिक आहे ती चालेल का? आणि तो कोंबड्यांचंच लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) खातो, त्याने काही होतं का?

प्रतिसाद:
दादा, बंबलफूटच वाटतंय. तळव्याला बारीक जखम होते, त्यातून जंतू आत जातात, बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, आत घट्ट गाठ होते, त्यामुळे पिळू नका आणि ब्लेड तर अजिबात नको, शिरा अगदी जवळ असतात. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून १५-२० मिनिटं पाय बुडवा, कोरडा करा, पोव्हिडोन आयोडीन लावा, वर गॉझ ठेवून बोटांच्या मधून पट्टी घ्या, आवळू नका, रोज बदला. ग्लोव्ह्ज घाला, हे जंतू माणसालाही लागू शकतात. माणसांची गोळी नको, औषध व्हेटलाच ठरवू दे. सूज वर सरकली किंवा खाणं सुटलं तर त्याच दिवशी न्या. लेअर खाद्यात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असतं, कोंबड्याला १ टक्क्याच्या आसपास पुरतं, जास्तीचा भार मूत्रपिंडावर येतो. पायाला मात्र ते कारण नाही. दांडा किती उंच आहे?

धागाकर्ता:
दांडा माझ्या छातीएवढा आणि खाली नुसती फरशी. रोज सकाळी तो धाडकन खाली उडी टाकायचा, मला कौतुक वाटायचं त्याचं. आजच दांडा गुडघ्याखाली आणला, खाली भुशाचा जाड थर टाकला. पहिल्यांदा पाय बुडवला तेव्हा पाच मिनिटं धडपडला, मग माझ्या मांडीवर डोळे मिटून शांत बसला. व्हेटकडे उद्या सकाळी नेतोय. तोवर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलाय, कोंबड्या त्याला दिसतील असा. एकच राहिलं, त्या पट्टीला चोच मारतो सारखा, त्यावर कोणी काय केलंय?