अबुधाबीची रेस बघून मुंबईत उतरल्यावर त्याच दिवशी देवगड गाठावं का?

जामसंडेचा बागायतदार

नमस्कार मंडळी. डिसेंबरात भाच्याला घेऊन अबुधाबीला फॉर्म्युला वनची मोसमातली शेवटची रेस बघायला चाललोय. २०११ साली ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली रेस झाली तेव्हा आई आजारी होती, जमलं नाही. पुढच्या साली जाऊ म्हणता म्हणता २०१३ नंतर ती रेसच बंद झाली. त्यामुळे हे माझं फार वर्षांचं राहिलेलं काम आहे. तिकिटं झाली, व्हिसा झाला, राहायची सोय झाली. अडलंय ते परतीवर.

रविवारी रेस तिथल्या ५ वाजता, म्हणजे आपल्याकडे साडेसहा. ५८ लॅप, दीड तासाचा खेळ. विमान रात्री सव्वादोनचं, मुंबईत सोमवारी सकाळी पावणेसातला. बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे नेरूळला आहेत, गाडीही तिच्याच सोसायटीत ठेवणार. माझा बेत असा, की टॅक्सीने नेरूळ, आंघोळ, चहा, बाबांना गाडीत घ्यायचं आणि नऊला निघायचं. सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, दिवेलागणीला घरी. भाच्याकडे लायसन्स आहे, पण घाटात त्याचा हात बसलेला नाही. म्हणजे चालवणार मी एकटा.

घाई कशाची, तर आंब्याच्या कलमांची. त्या आठवड्यात बोंगे, म्हणजे मोहोराचे कोंब, फुटायला लागतात आणि फवारणी मंगळवारी सकाळी ठरली आहे. गेल्या साली दोन दिवस हुकले. तुडतुडा ही मोहोराची कीड अशी बसली की कलमाखालून चालताना डोक्यावर, हातावर चिकट पडायचं, आणि पुढे पानं काजळी धरल्यासारखी काळी झाली. दहा कलमांवर तर वाटाण्याएवढंही फळ टिकलं नाही. ते परत बघायचं नाहीये.

तर, मुंबई-गोवा हायवेने पेण-महाडवरून सरळ यावं की एक्सप्रेसवेने कोल्हापूर गाठून गगनबावड्यावरून उतरावं? आणि मध्ये थांबायचं झालं तर कुठे?

करूळ घाट

कोल्हापूरवरून या. किलोमीटर जास्त पडतील, पण पुण्यापर्यंत डोळे झाकून रस्ता आहे. गगनबावड्याला चहा घ्यायचा, करूळ घाट उतरला की वैभववाडी, मग तळेरे, आणि तिथून घर जवळच. आरवली ते वाकेड हा पट्टा वर्षानुवर्षे रखडलाय, तिथे वळणरस्त्यांवर अंधारात काही दिसत नाही. माणगाव-इंदापूरच्या बाजारात अडकलात तर तासभर तिथेच.

राजापूरची गंगा

बागायतदार, कुठल्या रस्त्याने यायचं हे नंतर बघू. सोमवारी गाडीला हात लावू नका, एवढंच मला सांगायचंय.

२०१७ साली सेपांगला मलेशियाची शेवटची रेस झाली, १ ऑक्टोबरला. व्हर्स्टॅपन जिंकला तीच. मी आणि बायको गेलो होतो. सोमवारी रात्री मुंबईत उतरलो, गाडी काढली आणि निघालो. मला थकवा वाटत नव्हता हो, उलट अंगात हुरूप होता. डोक्यात अजून इंजिनांचा आवाज होता, बायकोला रेसच्या गोष्टी सांगत होतो. चिपळूणला चहा घेतला. सावर्ड्यानंतर तिला झोप लागली. बावनदीचा पूल ओलांडल्याचं मला आठवतं. पुढचं आठवतं ते डाव्या चाकांखाली खडी वाजल्याचं. निवळी घाटात, पहाटे पाचला. मधल्या रस्त्याचं काही म्हणजे काहीच आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा काचेवर पावसाळ्यातलं उंच गवत घासत होतं आणि गाडी अर्धी गटारात होती. ती डावीकडे गेली म्हणून हे लिहितोय. उजवीकडून त्याच वेळी एक ट्रक चढत होता. त्याच ड्रायव्हरने थांबून आम्हाला पाणी दिलं आणि माझ्याकडून चावी काढून घेतली. म्हणाला, उजाडल्याशिवाय देणार नाही. त्या माणसाचं नावही विचारायचं राहिलं, त्याची खंत अजून आहे.

आता तुमचा हिशेब बघा. शुक्रवारपासून तीन दिवस चालणं, उभं राहणं, आवाज. रविवारी सकाळी उठाल ते थेट सोमवारी रात्री आडवे व्हाल. विमानातले तीन तास झोपेचे धरू नका, चढताना-उतरताना आणि जेवणातच ते जातात. पावणेसातला उतराल तेव्हा तुमच्या अंगाच्या घड्याळात पहाटेचे सव्वापाच असतील. त्यात दुपारचं जेवून तुम्ही कशेडीच्या पुढे येणार दोन-तीन वाजता, आणि रात्रीनंतर डोळा लागण्याची सगळ्यात वाईट वेळ तीच. चहाने, काच खाली करून, गाणी लावून झोप जात नाही. मी तिन्ही केलं होतं. शिवाय गाडीत मागे बाबा असणार, डोळ्याचं नुकतं ऑपरेशन झालेले.

सोमवारी बहिणीकडे पडदे लावून झोपा. संध्याकाळी उठून जेवा, परत झोपा. मंगळवारी पहाटे पाचला नेरूळ सोडा. तुम्ही रेस बघणारे आहात. टायर संपल्यावर दोन लॅप जास्त ओढायला गेलेल्यांचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

दापोली ते मुसाफ्फा

मी नऊ वर्षं अबुधाबीत काढली, म्हणून तिकडचं थोडं. रेस संपल्यावर लगेच बाहेर पडता येईल असं धरू नका. २०२१ ला शेवटच्या लॅपमध्ये पाचव्या वळणावर व्हर्स्टॅपनने हॅमिल्टनला गाठलं, तेव्हा मी स्टँडमध्ये होतो. पोडियम होईस्तोवर कोणी जागचं हललं नाही, मग सगळे एकदम उठले. सर्किट ज्या यास बेटावर आहे, तिथून बाहेर पडायला दोन तास गेले. एरवी विमानतळ तिथून अगदी जवळ आहे. रात्रीची मैफलही तिकिटात असते, पण तुमचं विमान बघता ती सोडा, आणि खोलीवर जाऊन दोन तास पाठ टेका. त्यासाठी खोली रविवारच्या रात्रीचीही घ्या, दुपारी सोडू नका. पैसे जातील, पण बॅगा कुठे ठेवायच्या हा प्रश्नही सुटतो. मोठ्या बॅगा सर्किटवर आत सोडत नाहीत. आणि तुमचं विमान अबुधाबीचंच आहे ना, बघून घ्या. दुबईचं असेल तर शंभर किलोमीटरच्या वर अंतर आहे.

कानात घालायचे बोळे न्या. आवाजाने माणूस किती दमतो ते दुसऱ्या दिवशी कळतं.

सड्यावरची

बागायतदारानु, कोकणकन्या रेल्वेन येवा की. सोमवारी रात्री अकराला सुटते, सकाळी कणकवली. झोपान येतलास.

जामसंडेचा बागायतदार

सगळ्यांचे मनापासून आभार. गंगाभाऊ, तुमचं लिहिणं काल रात्री बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून थेट नेरूळला फोन लावला आणि नणंदेला सांगितलं की सोमवारची रात्र ही माणसं तुमच्याकडे आहेत.

कोकणकन्येचा विचार आधी केला होता, पण ऑपरेशननंतर बाबांना रात्री डब्यात चढ-उतार आणि वरून गर्दी नको, म्हणून गाडीच. विमान अबुधाबीचंच आहे, आणि रविवारची रात्र खोलीला वाढवून घेतली.

फवारणीचं चुलतभावाशी बोललो. मंगळवारी त्याच्या बागेत गडी आहेत, ते दुपारनंतर माझ्याकडे पंप लावतील. औषध मोजून, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून जाण्याआधीच ठेवतो. खालच्या आगराकडची ती दहा कलमं पहिली घ्यायची, हे त्याला दोनदा सांगून झालं.

गगनबावडा नको वाटतो, बाबांना घाटात गाडी लागते. कशेडीला आता बोगदा झालाय, त्यामुळे तो घाट तरी चुकतो. पहाटे पाचला निघालो की माणगावचा बाजार उघडायच्या आत पार. आठला बाबांच्या डोळ्यात थेंब घालायचे असतात, तेव्हा महाडच्या आसपास असू, तिथेच थांबून नाश्ता. आरवली-वाकेड दिवसाउजेडी होईल. खारेपाटणपासून रस्ता चौपदरी आणि मोकळा आहे, तिथे स्टिअरिंग भाच्याकडे. नांदगाव तिठ्याला परत मी घेतो.