घड्याळ धडधाकट, पण फोन बदलला की मुकं: ही सोय की कोंडी?

कोथिंबीरवडी (धागाकर्ता)
फोन पडला, स्क्रीनसोबत आतला बोर्डही गेला. दुरुस्तीला जेवढे सांगितले तेवढ्यात दुसऱ्या कंपनीचा नवाकोरा फोन येतो. घ्यायला निघालो तर मुलगी म्हणाली, "बाबा, आणि घड्याळाचं काय?" छत्तीस हजारांचं घड्याळ, दोन वर्षंही झाली नाहीत, काच धड, बॅटरी धड. पण ते फक्त त्याच कंपनीच्या फोनशी बोलतं. (नाव घेत नाही. घेतलं की इथे दोन तट पडतात आणि मुद्दा राहतो बाजूला.) ब्लूटूथ दोन्हीकडे आहे. मग जोडू न देणं ही तांत्रिक अडचण कशी? ही धंद्याची खेळी आहे.

रोखठोक_७७
खोक्यावर लिहिलेलं असतं, कोणत्या फोनवर चालतं ते. वाचलं नाहीत, आता बोंब कशाला? आणि "ब्लूटूथ आहे म्हणजे झालं" हा भ्रम आहे. मेसेज मनगटावर दाखवायचा, तिथूनच उत्तर द्यायचं, हे सगळं फोनच्या आतून करावं लागतं. सगळ्यांसाठी उघडं ठेवलं तर तपासायचं कोणी? एकाच घरचं सगळं असलं की लॅपटॉपवर कॉपी केलेलं फोनवर पेस्ट होतं. मी त्या सुखाचे पैसे मोजतो, खुशीने.

तिठ्यावरचा
कोंडी दोन्ही घरांत आहे हो. ॲपल वॉचला आयफोनच लागतो. सॅमसंगची जुनी घड्याळं आयफोनवर चालायची. २०२१ च्या गॅलेक्सी वॉच ४ पासून तेही बंद. आधी जमत होतं, मग नाही. याला तांत्रिक अडचण म्हणायचं?

सुपारीएवढं
बाजार आपोआप सुधारतो म्हणणाऱ्यांनी चार्जर आठवावा. २००९ मध्ये युरोपात कंपन्यांनी स्वखुशीने करार केला, एकच चार्जर ठेवू म्हणून. त्यात पळवाट होती: पिन आपली वेगळी ठेवा, जोडायला ॲडॉप्टर दिलं की झालं. २०१२ मध्ये आयफोन ५ बरोबर लाइटनिंग हे ॲपलचं स्वतःचं चार्जिंग पोर्ट आलं आणि अकरा वर्षं टिकलं. कायदा झाला, २८ डिसेंबर २०२४ ची मुदत पडली, तेव्हा त्याआधीच, २०२३ मध्ये, आयफोन १५ ला टाइप-सी आलं. कायदा ब्रुसेल्सचा, म्हणजे युरोपीय संघाचा, पण आमच्या नाशिकच्या घरातली एक वायर कमी झाली.

रोखठोक_७७
आणि २००९ मध्येच मायक्रो यूएसबी कायद्याने लादली असती तर? टाइप-सी आलीच २०१४ मध्ये. बसला असता पिन उलटी-सुलटी करत.

सुपारीएवढं
हा मुद्दा खरा आहे. म्हणूनच त्या कायद्यात पुढे मानक बदलायची सोय ठेवली आहे. ती वेळेवर वापरतील का, ते बघू.

म्युनिकचा_मामा
इकडून एक उलटी बाजू. मी जिथे राहतो तिथे कायदा सगळ्यात कडक, आणि मॅकवर (ॲपलच्या कॉम्प्युटरवर) आयफोन चालवायची आयफोन मिररिंग ही सोय आम्हालाच नाही. ॲपलने २०२४ मध्येच सांगितलं, तुमच्या नियमांमुळे युरोपात देत नाही. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने त्यांना सांगितलं, आयफोनची नोटिफिकेशन्स इतरांच्या घड्याळांनाही द्या. म्हणजे कोथिंबीरवडींचंच दुखणं, फक्त उलट्या टोकाने. मला पटतं ते. पण भुर्दंड आधी गिऱ्हाईकालाच बसतो, एवढं लक्षात ठेवा.

दुकानदार_गल्ली३
मोबाइलचं दुकान आहे, म्हणून सांगतो. घड्याळाचं दुःख शंभरात दोघांना. खरं रडगाणं चॅटचं. व्हॉट्सॲपचा बॅकअप अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्हमध्ये, आयफोनवर आयक्लाउडमध्ये. एकातला दुसऱ्यात उघडत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर न्यायचं तर ॲपलचं मूव्ह टू आयओएस ॲप, तेही फोन पहिल्यांदा सुरू करतानाच. गिऱ्हाईक येतं चार दिवसांनी, फोनमध्ये लग्नाचे फोटो भरून. "आता सगळं पुसून परत सुरू करावं लागेल" म्हटलं की असं बघतात, जणू मीच पुसतोय. एका काकूंना वारलेल्या भावाचे व्हॉइस मेसेज हवे होते. दोन तास बसलो. मिळाले.

तिठ्यावरचा
आपल्याकडे जमलेलं पण सांगा की. २० जानेवारी २०११ ला देशभर नंबर पोर्ट व्हायला लागला. यूपीआय २०१६ चं: बँक कुठलीही, ॲप कुठलंही. आणि न जमलेलं? डीटीएच. कंपनी बदला, बॉक्स बदला. आमच्या गच्चीवर तीन छत्र्या आहेत, एकीत कबुतराने घर केलंय.

रोखठोक_७७
यूपीआयशी तुलना चुकीची. पैसा सार्वजनिक गोष्ट आहे, तिथे रिझर्व्ह बँक आहे. मनगटावरचं घड्याळ हौस आहे. हौसेला सरकार कशाला? चॅटचं मात्र मान्य. त्या काकूंचं वाचून गप्प बसलो.

कोथिंबीरवडी
घेतला शेवटी दुसराच फोन. घड्याळ सध्या बायकोच्या फोनला जोडलंय, तिचा त्याच कंपनीचा आहे. आज सकाळपासून तिच्या भिशी ग्रुपचे अठ्ठेचाळीस मेसेज माझ्या मनगटावर वाजलेत. तिला आत्ताच कळलंय.